तीन वेतं

कोल्हापूर ते सांगली या रस्त्यावर बाईमाणसाला निर्धास्तपणे जाता येईल अशी शौचालयं सहा आहेत. त्यातल्या एकाची किल्ली पेट्रोलपंपवाल्याच्या बायकोकडे असते आणि ती दुपारी दोन ते चार झोपते, म्हणजे खरी साडेपाच धरायची. हे ज्ञान मला कुठल्या शाळेनं दिलं नाही. बावीस वर्षं बिघडलेल्या पोटानं दिलं.

बिघडलेलं म्हणजे कसं, हे सांगायची आपल्याकडे पंचाईत असते. हात मोडला की गल्ली बघायला येते, पोट बिघडलं की लोक विषय बदलतात. सकाळी कळ यायची, तीन-चारदा जाऊन यावं लागायचं, मग दोन दिवस काहीच नाही आणि पोट नगाऱ्यासारखं. तपासण्या सगळ्या नॉर्मल. "ताण घेऊ नका," असं मला अकरा डॉक्टरांनी सांगितलं. बाराव्यानं माझ्याकडे न बघताच सांगितलं. मावशीनं दृष्ट काढली, चुलतीनं कुटजारिष्ट पाजलं, आणि आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, दूध पाजलं.

आबा म्हशी पाळायचे. सर्जेराव साळोखे म्हटलं की आमच्या पेठेत लोक आधी म्हशी आठवायचे, मग माणूस. गल्लीच्या तोंडावरच्या कट्ट्यावर सकाळ-संध्याकाळ म्हैस उभी करायची, गिऱ्हाइकासमोर कास धुवायची आणि थेट पेल्यात धार काढायची. फेसाळ, कोमट, कच्चं. धारोष्ण दूध. तालमीतली पोरं, बाळंतिणीचे नवरे, परीक्षा देणारी मुलं, सगळे प्यायचे. कोल्हापुरात दूध उकळणं हे चहाचं काम. अंगाला लागायचं असेल तर दूध धारेचंच, असं आबा म्हणायचे, आणि पहिल्या धारेचा पेला माझा.

माझा धंदा चुका शोधण्याचा. शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं मी घरी बसून तपासते, कारण घरी बसूनच मला नोकरी करता येते. आता पुस्तकं पडद्यावर असली तरी चुका तशाच असतात. दुसऱ्याची चूक मला पानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसते. हे मी फुशारकीनं सांगत नाही, पुढे जे सांगायचंय त्याला ते लागेल म्हणून सांगते.

सन २०४६ च्या जूनमध्ये आमच्या शहरात ते यंत्र आलं. त्याचं सरकारी नाव दीड ओळीचं आहे. लोक त्याला पोटपत्रिका म्हणतात.

डॉक्टर मुजावर माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून विचारलं, "हे सुरू व्हायच्या आधी कधी तापाचे जुलाब झाले होते? रक्त पडलं होतं?"

"झाले होते. पुण्याला कॉलेजात होते तेव्हा. मेसच्या जेवणानं."

"मेसच्या जेवणानं, हे कुणी सांगितलं?"

कुणी सांगायला कशाला हवं, असं मला वाटलं. काल जे खाल्लं त्यानं आज पोट बिघडतं, हे शेंबडं पोरही सांगेल.

त्यांनी मला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. काही जंतू आतड्यात शिरले की एक विष सोडतात. शरीर त्या विषाविरुद्ध पहारेकरी तयार करतं, जंतू मरतात, माणूस उठून बसतो. पण या विषाचा एक तुकडा आपल्याच आतड्याच्या मज्जापेशींमधल्या एका प्रथिनासारखा दिसतो. पहारेकरी फसतात. चोर गेल्यावर ते घरच्याच माणसाला चोर समजून मारत बसतात. आतड्याला पुढे केव्हा ढकलायचं, केव्हा थांबायचं, हे सांगणाऱ्या पेशी मार खाऊन खाऊन वेडावतात. दुर्बिणीतून आतडं गुलाबी आणि धडधाकट दिसतं, म्हणून रिपोर्ट नॉर्मल. बिघाड आठवणीत असतो.

ही आठवण नवीन यंत्राला वाचता येते. पहारेकरी बनवणाऱ्या प्रत्येक पेशीवर तिच्या वयाच्या रासायनिक खुणा साठत जातात. त्या मोजल्या की ती पेशी कुठल्या आठवड्यात जन्मली ते कळतं. आणि कुलूप बघून किल्ली ओळखावी तसं त्या पहारेकऱ्यावरून मूळ विषाचा नेमका आकार काढता येतो. मग तो आकार जनावरांच्या नोंदवहीशी ताडून बघतात. गेली बारा वर्षं राज्यातल्या प्रत्येक गोठ्याचे नमुने त्या नोंदवहीत जमा होतायत. एकदा गोठ्यात शिरलेला जंतूचा वाण तिथं वर्षानुवर्षं टिकतो, म्हणून त्याआधीचा आकारही जुळतो.

"आकार कळला की उपचार आहे," डॉक्टर म्हणाल्या. "सहा इंजेक्शनं. फक्त तेवढीच आठवण पुसायची."

मला खुर्चीत बसल्या बसल्या रडू आलं. बावीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं की मला खरंच काहीतरी झालंय.

दोन आठवड्यांनी पत्रिका आली. डॉक्टरांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

एकच जंतू, तीन वेळा. सप्टेंबर २०२४, दुसरा आठवडा. ऑक्टोबर २०२८, शेवटचा आठवडा. ऑगस्ट २०३०, दुसरा आठवडा. खाली उगम: म्हैस. गोठ्याचा क्रमांक. मालक, सर्जेराव दत्ताजी साळोखे, कोल्हापूर.

"चूक आहे," मी म्हणाले. "लहानपणापासून पितेय मी ते दूध. आणि तिन्ही वेळा मी इथं नव्हतेच. पहिल्यांदा पुण्याला पडले आजारी, नंतर दोन्ही वेळा सासरी, सांगलीला."

"लहानपणी रोज पीत होता, तेव्हा शरीराला सवय होती. तुमच्या वडिलांना, तालमीतल्या पोरांना असते तशी. पुण्याला दोन वर्षं राहिलात आणि ती गेली." त्या थांबल्या. "हा जंतू पोटात गेल्यावर लगेच काही करत नाही. तीन-चार दिवस घेतो. आजारी पडायच्या तीन दिवस आधी तुम्ही कुठं होता?"

गणपतीला. दिवाळसणाला. नागपंचमीला. तिन्ही वेळा माहेरी.

दुसऱ्याच्या चुका पानाच्या टोकावरून दिसणारी मी, माझ्या तीन तारखांकडे बघत कितीतरी वेळ बसून राहिले.

दिवाळसणाहून मी सांगलीला परत गेले आणि तिसऱ्या दिवशी अंथरूण धरलं. आबा म्हणाले, "सांगलीचं पाणी. पूर येऊन गेलेल्या गावाचं पाणी." सासूबाईंनी दुसऱ्या दिवसापासून पाणी उकळायला घेतलं. मी बरी व्हायला माहेरी यायची. आबा पेला हातात द्यायचे, आठ दिवस बरं वाटायचं, परत गेले की कधी दुखायचं, कधी नाही. पण मनात एकदा बसलं की बसलं. सासरचं अन्न लागत नाही.

ऑगस्ट २०३० मध्ये मला चौथा महिना होता. नागपंचमीला आबा स्वतः न्यायला आले. मी माहेरी दोन दिवस राहिले, सांगलीला परत गेले. तिसऱ्या दिवशी ताप आणि जुलाब. पाचव्या दिवशी सांगलीच्या दवाखान्यात मूल गेलं.

आबा आले ते थेट सासरच्या अंगणात. सगळी गल्ली गोळा झाली. "माझ्या लेकीला विष घातलंसा," ते सासूबाईंना म्हणाले. "ह्या घरचं पाणी पिणार न्हाई मी, ना माझी पोरगी." मी रिक्षात बसले होते. मला ऐकू येत होतं. मी एक शब्द बोलले नाही, कारण मलाही तेच वाटत होतं. विश्वजितनं, माझ्या नवऱ्यानं, दोन वर्षं हेलपाटे घातले आणि मग दुसरं लग्न केलं. त्याला मी दोष देत नाही.

डॉक्टर हळूच म्हणाल्या, "एक अट आहे. आठवण पुसली की या जंतूविरुद्ध तुमच्याकडे काहीच उरणार नाही. त्या म्हशी असलेल्या घरात तुम्हाला राहता येणार नाही. एकतर म्हशी जायला हव्यात, नाहीतर तुम्ही."

म्हणजे आबांना सांगायला हवं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला, ज्याला आयुष्यात एकच गोष्ट नीट देता येत होती.

*

घरी न जाता मी सांगलीची बस धरली. का, ते धड सांगता येणार नाही. आधी जिचं देणं लागते तिच्याकडे जावं असं वाटलं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. विश्वजित नाशिकला असतो, त्या एकट्याच. दार उघडून त्यांनी मला ओळखलं, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, बस म्हणाल्या. आत गेल्या आणि पाण्याची विकतची बाटली आणि बिस्किटांचा बंद पुडा घेऊन आल्या. बाटली माझ्यासमोर धरली.

"सील बघ आधी. मग फोड."

मी बाटली हातात धरून सगळं सांगितलं. तारखा, तीन दिवसांचा हिशेब, म्हैस. त्या ऐकत राहिल्या.

"सोळा वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "मी कुणाला हातानं वाढलं न्हाई. विश्वाच्या पोराचं बारसं झालं. सून म्हणाली, आई, तुम्ही निवांत बसा, आचारी सांगितलाय. निवांत बसले. हळदीकुंकवाला बायका येत्यात, वाण घेत्यात, पन्ह्याला हात लावत न्हाईत. कोण काय बोलत न्हाई. मीच मग बाटल्या आणायला लागले."

"आत्याबाई, माझं चुकलं. मला माफ करा."

"तू कुठं काय बोललीस? तू रिक्षात बसलीवतीस." त्यांचा आवाज चढला नाही. "बोलणारं माणूस वेगळं होतं. माझ्या अंगणात, माझ्या शेजाऱ्यांपुढं. त्यांच्या तोंडून ऐकायचंय मला. मरायच्या आत."

मला वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ दे, म्हाताऱ्या माणसाला नको सांगूस. लोक असं म्हणतात. त्यांनी तसं म्हणायला हवं होतं असं नाही. मी बाटलीचं सील न फोडताच उठले, आणि आत जाऊन त्यांच्या माठातलं पाणी प्याले. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

*

सांगायला मला धीर होईना. सकाळी आबा पेला आणून देत, मी तो घेऊन मागच्या गॅलरीत जाई आणि कढीपत्त्याच्या कुंडीत ओती. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी आबा कुंडीजवळ उकिडवे बसलेले दिसले.

"कढीपत्ता दूध पितोय व्हय गं?" ते म्हणाले. "मुंग्या बघ किती लागल्यात."

मी हातातला पेला पाठीमागं धरला.

"नगं झालंय तर नगं म्हणायचं की. मी काय मारतोय तुला?"

मग मी सांगितलं. जिना चढताना करतात तसं, थांबत थांबत. जंतू, विष, पहारेकरी. ते ऐकत होते आणि मान हलवत होते, मास्तरांचं ऐकावं तशी. शेवटी म्हणाले, "यंत्राला काय कळतंय? सगळी पेठ पितीय हे दूध. कोण मेलंय?"

"तुम्हाला सवय आहे आबा. माझी मोडली होती."

"आणि बावीस वर्षांमागलं दूध त्याला आज दिसतंय व्हय? कुणीतरी म्हशीवाल्यांवर टपलंय."

मला बरं वाटलं. खरं सांगते, त्यांनी मानलं नाही याचं बरं वाटलं. मी म्हणणार होते की असेल चूक, मी खोली बघते दुसरीकडे, राहते कुठंतरी. पण त्यांनी हात वर केला.

"तारखा सांग."

आमच्या आबांना तारखा लक्षात राहत नाहीत. माझा वाढदिवससुद्धा ते 'मंगळीच्या दुसऱ्या वेताच्या साली' असा सांगतात. वेत म्हणजे म्हशीचं एकेक बाळंतपण. घरातलं सगळं त्यांना वेतावरून आठवतं, आजीचं जाणं, पूर, माझं लग्न.

"सप्टेंबर चोवीस. गणपतीत."

"हरणीचं पहिलं वेत," ते लगेच म्हणाले. "नुकती व्यालीवती. चीक संपून चार दिवस झालते. तू पुण्यास्नं आलीस, पहिला पेला तुलाच दिला."

"ऑक्टोबर अठ्ठावीस. दिवाळसण."

"हरणीच. तिसरं." ते बोटावर मोजत होते. "मधलं दुसरं वेत तुझ्या लग्नाआधीचं. तवा तू आली न्हवतीस. परीक्षा होती. तवा तुला काय झालं न्हवतं?"

"नाही."

डॉक्टरांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी आबांना सांगितलीच नव्हती. व्याल्यानंतरच्या ताणात जनावराच्या शेणातून हे जंतू जास्त पडतात, कासेला लागतात, पाण्याच्या हबक्यानं निघत नाहीत. आबा तिथं स्वतःच पोचत होते. अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवून ते बसून राहिले.

"तिसरी सांग."

"आबा, राहू दे."

"सांग."

"ऑगस्ट तीस. नागपंचमी."

या वेळी त्यांनी बोटं मोजली नाहीत. मग म्हणाले, "चौथं वेत. रेडी झालती. मी तुला म्हणालो, लक्ष्मी आली बघ गोठ्यात, आता तुलाबी मुलगीच हुणार. दोन पेले पाजले तुला. तू एकच पुरे म्हणत हुतीस."

मी जवळ गेले, पण त्यांनी मला जवळ येऊ दिलं नाही. उठले आणि गोठ्यात गेले. त्या संध्याकाळी कट्ट्यावर म्हैस आली नाही. गिऱ्हाइकं पेले वाजवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आबा सकाळच्या बसनं कुठंतरी गेले. माझ्या जन्मापासून मी त्यांना कुणाकडे रिकाम्या हातानं जाताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी गेले. दुपारी आत्याबाईंचा फोन आला.

"तुझे आबा आलेत."

"काय म्हणाले?"

"अंगणात उभे राहिले. शेजारच्या दोघींना हाका मारून बाहेर बोलावलं. त्यांच्यापुढं म्हणाले, त्या टायमाला मी खोटं बोललो, विष माझ्या घरचं होतं." त्या श्वास घ्यायला थांबल्या. "मग पाणी मागितलं. मी उकळलेलं आणलं तर नको म्हणाले. नळाचं द्या. दोन तांबे प्यायले."

"आता कुठं आहेत?"

"जेवायला बसलेत. मी वाढतेय." त्यांचा आवाज एकदम फुटला. "मला आमटीला मीठ किती घालायचं आठवेना गं. घाईत दोनदा घातलं. काय बोलले न्हाईत, सगळी खाल्ली."

महिन्याभरात म्हशी गेल्या. करवीर तालुक्यातल्या एका भाच्यानं नेल्या. दावी सोडताना आबा त्याला एकच वाक्य तीन-तीनदा सांगत होते, "उकळून पी. पोराबाळांस्नी उकळूनच दे." भाचा हसला. म्हातारा चळला असं त्याला वाटलं असणार.

*

सहावं इंजेक्शन फेब्रुवारीत झालं. पोट एका दिवसात सुधारलं नाही. पण एका सकाळी मी मुद्रितं तपासायला बसले आणि साडेअकराला लक्षात आलं की मी एकदाही उठलेली नाही. नंतर सांगलीला गेले, तेव्हा वाटेतल्या पेट्रोलपंपवाल्याच्या बायकोची आठवणही झाली नाही. आत्याबाईंनी पुरणपोळी केली होती. अलीकडे शेजारच्याही त्यांच्याकडे येऊन जेवतात. बारशाचं राहिलं म्हणून नातवाच्या वाढदिवसाला घरचा स्वयंपाक त्यांनी स्वतः अंगावर घेतलाय.

डॉक्टरांनी परत तपासणी केली. पत्रिका कोरी. त्या तीन तारखांचं माझ्या शरीरात आता काही उरलेलं नाही.

घरी स्वयंपाक आबाच करतात, आई गेल्यापासून. भाकरी त्यांच्यासारखी पेठेत कुणाची होत नाही. पण आता ते भाकरी तव्यावरून चिमट्यानं उचलतात, ताटलीत टाकतात आणि ताटली ओट्यावर ठेवून बाजूला होतात. "घे तुझं तू," म्हणतात. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात देत नाहीत, खाली ठेवतात. मी किती वेळा म्हटलं, आबा, आता काही होत नाही मला. ते मान हलवतात.

काल संध्याकाळी मी पिशवीचं दूध आणलं, त्यांच्यासमोर तीन उकळ्या येईपर्यंत तापवलं, निववलं आणि ताट घेऊन त्यांच्यापुढे बसले. लहान होते तेव्हा ते मला दुधात भाकरी कुस्करून द्यायचे. पाची बोटांनी, इतकी बारीक की चावावी लागू नये.

"कुस्करून द्या," मी म्हणाले.

"तू कर की. हात न्हाईत व्हय तुला?"

"तुमच्या हातची पाहिजे."

ते ताटाकडे बघत राहिले. मग उठले. "हात धुऊन येतो," म्हणाले आणि मोरीत गेले.

नळ सुरू झाला. साबणाच्या डबीचं झाकण वाजलं. नळ बंद झाला, मला वाटलं आले, तर परत सुरू झाला. मी वाकून बघितलं. त्यांनी बाह्या कोपरापर्यंत सारल्या होत्या आणि एकेक बोट धरून, नखाच्या कडा घासून ते हात धूत होते. उजेडात धरून बघत होते आणि पुन्हा साबण लावत होते.

"आबा, झाले स्वच्छ. या."

"आलो," ते म्हणाले.

दुधावर साय धरली. भाकरी निवून गेली. मी हात न लावता बसून राहिले, आणि आत नळ चालूच होता.